ओमानला भाड्यानं गाडी घेऊन उजव्या बाजूनं चालवणं: एका लातूरकराचा रिव्ह्यू

गाडीला पाचपैकी साडेचार, कंपनीला तीन. आधीच सांगून टाकतो, कारण लई जण विचारायलेत की ओमानला टॅक्सी करावी का स्वतः चालवावी अन् उलट्या बाजूनं जमतं का. जमतं. बार्शी रोडवर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अन् समोरून राँग साइडनं येणारे मोटरसायकलवाले यातून जो रोज गाडी काढतो त्याला मस्कतचे रस्ते म्हणजे आराम आहे. फक्त गडबड नेमकी कुठं होते ते माहीत पाहिजे.

अन् एक, सगळ्या परदेशात असं उलट्या बाजूनं चालवावं लागत नाही. थायलंड, श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान इथं आपल्यासारखंच डावीकडून चालतं. ओमान, दुबई, सौदी, कतार अन् बहुतेक युरोप उजवीकडून. आम्ही ओमान घेतलं कारण आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ अन् तिथून मस्कतचं विमान मिळतं.

जायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या. सारथी या सरकारी वेबसाइटवर अर्ज, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसतं एमएच २४ चं लायसन दाखवून भागंल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, काउंटरवर दोन्ही मागतेत. दुसरा कुणी चालवणार असंल तर त्याचंही नाव करारात टाका, नाव नसताना त्यानं चालवली अन् काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो. आमच्याकडं दाजी अन् मी असे दोघं होतो.

कंपनीचं काउंटर मस्कत एअरपोर्टवरच. तिथला मल्याळी पोरगा एक नंबर, हिंदी झक्कास बोलत होता. किल्ली देऊन मोकळा नाही झाला, दाजींना पार्किंगमधी चक्कर मारायला लावली अन् स्वतः शेजारी बसला. त्यानं सांगितलेली एकच गोष्ट पूर्ण ट्रिपला पुरली: ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या पट्टीकडं पाहिजे. आपल्याकडंही तसंच असतं की, कधी लक्षात घेत नाही एवढंच. डावं-उजवं घोकत बसू नका, मधली पट्टी माझ्या अंगाला आहे का एवढं बघा.

गाडी साधी सेडान, ऑटोमॅटिक. मॅन्युअल स्वस्त मिळाली तरी घेऊ नका हो, कारण गिअर उजव्या हाताला येतो अन् डावा हात उगंच दारावर आपटत राहतो. पॅडल मात्र उलटे नसतेत, अ‍ॅक्सिलेटर उजव्या पायालाच, आमच्या ताईला शेवटपर्यंत हे पटलं नाही. इंडिकेटर डाव्या दांडीला, त्यामुळं आपल्या मारुती-ह्युंदाईच्या सवयीनं दाजींनी वळणावर वायपर चालू केला, कडक उन्हात कोरड्या काचेवर खर्रखर्र, मागं पोरं लोळून हसायली. दुसरा त्रास उजव्या बाजूच्या अंदाजाचा. आपण डावीकडं बसलेलो, म्हणून गाडी नकळत उजवीकडं सरकत जाते अन् चाक कडेच्या दगडाला घासायला लागतं. शेजारच्यानं तेवढं बघत राहायचं, मी तेच काम केलं, "दाजी जरा डावीकडं घ्या" हे एवढ्या वेळा म्हणलो की ते चिडले.

सर्कलची भीती लई वाटत होती. आपल्याकडं घड्याळाच्या काट्यासारखं फिरतो, तिथं उलटं, अन् डावीकडून सर्कलमधी फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण आमच्या लातूरच्या गंजगोलाईला, म्हणजे बाजारातल्या गोल चौकाला, १६ रस्ते येऊन मिळतेत अन् तिथं कोण कुणाला थांबतं? मस्कतमधी लोकं खरंच थांबतेत, त्यामुळं दोन-तीन सर्कलमधी भीती गेली.

खरा धोका गर्दीत नाही, रिकाम्या रस्त्यावर आहे. गर्दीत पुढच्या गाडीच्या मागं जायचं, चुकायचा प्रश्नच नाही. पण पेट्रोल पंपावरून बाहेर निघताना, सकाळी हॉटेलच्या गेटमधून निघताना, समोर एकपण गाडी नसते अन् हात आपोआप डावीकडं वळतो. आमचं ठरलं होतं, पंपावरून निघताना गाडीतल्या सगळ्यांनी मोठ्यानं "उजवीकडं" म्हणायचं. वेड्यासारखं वाटतं पण करा. पायी रस्ता ओलांडताना पण तसंच, पहिल्यांदा डावीकडं बघायचं, पोरांना हे पक्कं सांगा.

हायवे मात्र काय सांगू. मस्कतहून निझवा दीडशे किलोमीटरच्या आसपास, खड्डा नावाला नाही. बऱ्याच ठिकाणी लिमिट १२०, त्याच्या वर गेलं की गाडी स्वतःच टुंग टुंग करते, कॅमेरे पण आहेत अन् दंड नंतर कार्डावर येतो. पेट्रोल आपल्या जवळपास निम्म्या भावात, पंपावर माणूस भरून देतो, खाली उतरायचं काम नाही.

आता कंपनीचे दोन मार्क का कापले ते. डिपॉझिट क्रेडिट कार्डवरच, डेबिट चालत नाही, हे बुकिंग करताना बारीक अक्षरात होतं. गाडी परत देताना दुसराच माणूस आला अन् बंपरवरची जुनी रेघ आमच्या नावावर लावायला बघत होता. घेतानाच चारी बाजूनं व्हिडिओ काढला होता, तो दाखवल्यावर गप झाला. पण डिपॉझिट सुटायला लई दिवस लागले, मेलला उत्तर नाही, फोन उचलला की "सिस्टीममधी आहे सर". पार्किंगमधला पोरगा नसता तर दोनच दिले असते.

जबल अखदर या डोंगरावर जायचं असंल तर मात्र सेडान घेऊच नका. पायथ्याच्या बिरकत अल मौज गावाला पोलीस चौकी आहे, फोर बाय फोर (चारी चाकं ओढणारी गाडी) नसंल तर वर सोडत नाहीत. सेडान घेणाऱ्याला ही गोष्ट काउंटरवरून कुणी आपण होऊन सांगत नाही, आम्ही खालीच गाडी लावून दुसऱ्याच्या गाडीत पैसे देऊन वर गेलो.