स्कॉटलंडच्या 'तीन किल्ले' सहलीपासून सावध

उन्हाळ्यात आई-बाबा युकेला आले की त्यांना स्कॉटलंड दाखवायचं असतंच. तेव्हा 'एडिंबरा ते हायलँड्स, दोन दिवस, तीन किल्ले, आपली मराठी मंडळी' ही व्हॉट्सॲपवर फिरणारी जाहिरात तुमच्याकडेही येईल. आम्ही त्याच सहलीला गेलो होतो.

माणशी १९० पौंड. त्यात गाडी, गाइड आणि इनव्हर्नेसचा मुक्काम. किल्ल्यांच्या तिकिटांचे माणशी ५५ पौंड मात्र आयोजकाने गाडी सुटल्यावर रोख घेतले. "ग्रुप बुकिंग आहे, रांगेत उभं राहायला नको." पावती? "संध्याकाळी सगळ्यांना मेल करतो."

स्टर्लिंगचा किल्ला एम-९ महामार्गावरून दिसतो. आम्हालाही तो तेवढाच दिसला, उजव्या खिडकीतून. "उशीर झालाय, परतताना करू," आयोजक म्हणाला. गाइड नव्हताच. ड्रायव्हर पेनड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग लावायचा आणि आम्ही ग्लेन्कोच्या खिंडीत पोचलो तरी ते अजून स्कॉटिश लढवय्या विल्यम वॉलेसवरच अडकलं होतं. याच खोऱ्यात फेब्रुवारी १६९२ मध्ये मॅकडोनाल्ड कुळातल्या लोकांच्या घरी पाहुणचार झोडून सैनिकांनी पहाटे यजमानांचीच कत्तल केली. हे मी आईला माझ्या फोनमध्ये वाचून सांगितलं. डोंगर अप्रतिम, पण त्याचं श्रेय आयोजकाला कशाला द्या?

खरा प्रकार उघड झाला लॉख नेस तलावाच्या काठी, अर्कर्ट किल्ल्यापाशी. वाहनतळ वर, किल्ला खाली पाण्यालगत. गाडी थांबवून आयोजकाने जाहीर केलं, "आजचे स्लॉट संपलेत, इथूनच फोटो काढा. पंधरा मिनिटं." बाबा स्वच्छतागृह शोधत आत गेले आणि सवयीप्रमाणे काउंटरवर चौकशी करून आले. आत भरपूर जागा होती, तिकिटं लगेच मिळत होती आणि आमच्या ग्रुपचं कसलंही बुकिंग नव्हतं. बाबांनी हे सगळ्यांसमोर विचारल्यावर आयोजक हसून म्हणाला, "काका, तसंही पडकंच आहे ते." पडकं आहे, खरंय. जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या पाठीराख्यांच्या, हाती लागू नये म्हणून तिथल्या शिबंदीनेच १६९२ मध्ये जाताना सुरुंग लावले होते. पण ते पाहायलाच तर आम्ही पैसे मोजले होते!

दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र ब्लेअर कॅसल हा तिसरा किल्लाही ए-९ रस्त्यावरून, चालत्या गाडीतूनच. स्टर्लिंग परतताना अंधारात गेलं.

पैसे मागितल्यावर आधी "रिफंड प्रोसेसमध्ये आहे", मग पुढच्या सहलीत २० पौंडांची सूट, मग ब्लॉक. सहलीचे पैसे एका वैयक्तिक खात्यावर ट्रान्सफर केलेले, तिकिटांचे रोख. युकेत १०० पौंडांहून जास्त किमतीची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ खाली बँकेकडे दावा लावता येतो. म्हणून हे लोक कार्ड घेतच नाहीत. शिवाय प्रवास आणि रात्रीचा मुक्काम एकत्र विकला की ते २०१८ च्या पॅकेज सहलींच्या नियमांप्रमाणे पॅकेज ठरतं आणि कबूल केलेलं न दिल्यास आयोजक जबाबदार असतो. पण त्यासाठी आधी कंपनीचं खरं नाव आणि पत्ता हातात हवा. आमच्याकडे फक्त मोबाइल नंबर होता.

किल्ल्यांची तिकिटं स्वतः, अधिकृत संकेतस्थळावरून काढा. आयोजक "तिकिटं माझ्याकडेच" म्हणाला, तर गाडीत बसण्याआधी बुकिंगचा कन्फर्मेशन मेल दाखवायला सांगा.

जाहिरात अजून फिरतेय, नाव आणि नंबर बदलून. अर्कर्टच्या बुरुजावरून काढलेला तलावाचा फोटो आणि खाली 'तिकिटं बसमध्ये' ही ओळ दिसली, तर तोच माणूस समजा.