अँप्लिफायर घरी तपासायचाय: यूएसबी इंटरफेस घ्यावा की स्कोप?

गणपती जवळ आले की भजनी मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्तीला निघतात. दुरुस्तीनंतर आवाज नुसता ऐकून सोडू नये, मोजावा. त्यासाठी परवडण्याजोग्या वस्तू दोन: लॅपटॉपला जोडून आवाज आत-बाहेर नेणारा २४ बिटचा दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस किंवा सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ८ बिटचा यूएसबी स्कोप (ऑसिलोस्कोप).

डिस्टॉर्शन, म्हणजे अँप्लिफायरने मूळ सुरात केलेली भेसळ, मोजायचं तर स्कोपचा उपयोग नाही. ८ बिटची झेप (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सिग्नलमधलं अंतर) जेमतेम ५० डेसिबल, आणि ०.१ टक्का डिस्टॉर्शन मूळ सुराच्या ६० डेसिबल खाली असतं. इंटरफेस ते सहज पकडतो. मात्र अँप्लिफायर १ मेगाहर्ट्झला ऑसिलेट होत असेल, म्हणजे स्वतःहूनच लहरी काढत असेल, तर १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगच्या इंटरफेसला ९६ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच कळत नाही. त्यामुळे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर तापत असेल, तिथे स्कोपच लागतो. पैसे एकापुरतेच असतील तर आधी इंटरफेस.

सॉफ्टवेअरचा खर्च नाही. डिस्टॉर्शन मोजून आलेख दाखवणारं आरईडब्ल्यू (REW) फुकट आहे. तेच ते माप वीस वेळा घ्यायचं असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची साउंडडिव्हाइस लायब्ररी सूर पाठवते आणि त्याच वेळी रेकॉर्डही करते.

इंटरफेस जळतो तो जोडणीत. अँप्लिफायरचे ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे २८.३ व्होल्ट. मधे २० किलोओहम आणि १ किलोओहम रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडी) घाला, इनपुटला सुमारे १.३ व्होल्ट मिळतील. १ किलोओहमच्या समांतर पाठीला पाठ लावून ५.१ व्होल्टचे दोन झेनर डायोड टाका, म्हणजे जादा व्होल्टेज तिथेच अडेल. फँटम पॉवर (माइकसाठी इंटरफेस देतो ती वीज) बंद, इनपुट माइकवर नव्हे, लाइनवर. नेमकं प्रमाण मल्टिमीटरने १०० हर्ट्झच्या सुरावर ठरवा. स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं सांगतात.

लोडसाठी, म्हणजे मोजताना स्पीकरच्या जागी, ८ ओहम ५० वॅटचे चार अ‍ॅल्युमिनियम कवचाचे रेझिस्टर घ्या. दोन-दोन सिरीजमध्ये जोडून त्या जोड्या पॅरलल केल्या की पुन्हा ८ ओहमच, पण २०० वॅटचा. मोठ्या हीटसिंकवर बसवल्याशिवाय ही क्षमता मिळत नाही.

टीपीए३११६ सारखी चिप असलेल्या क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) अँप्लिफायर बोर्डात स्पीकरची काळी तारही ग्राउंड नसते. ती इंटरफेसच्या ग्राउंडला लावली की आउटपुट शॉर्ट. दोन्ही तारांना स्वतंत्र डिव्हायडर देऊन दोन चॅनलवर घ्या आणि एकातून दुसरा वजा करा.

कातळावरच्या घरांत अर्थिंग बहुधा कमजोर असतं. आलेखात ५० आणि १५० हर्ट्झचे सुळके दिसले तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मोजा. सुळके गेले, तर दोष अँप्लिफायरचा नव्हे, ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याचा.

खाऱ्या हवेत ऑडिओ केबलच्या आरसीए पिना हिरव्या पडतात आणि तो खराब संपर्कच डिस्टॉर्शन म्हणून मोजला जातो. म्हणून रोज आधी इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून माप घ्या. कालच्यापेक्षा वाढलं असेल तर आधी पिना पुसा. पावसाळ्यात सगळं सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.