अँग्युलर १५ ते १९: आठ महिन्यांनंतरचा अनुभव, आणि तो एक @

आमचं अॅप्लिकेशन अँग्युलर (वेब अॅप बांधायचं फ्रेमवर्क) १५ वरून १९ वर नेलं त्याला आठ महिने झाले. पहिल्याच दिवशी कोणी विचारलं असतं तर ‘हातही लावू नका’ म्हणालो असतो.

वेळ वाचवायचा म्हणून पॅकेज-जेसन या लायब्रऱ्यांच्या यादीतले आवृत्त्यांचे आकडे हातानेच १९ केले, इन्स्टॉल कुरकुरलं तर फोर्स लावला आणि बिल्ड चालवला. २१२ एरर! बहुतेक एनजी-६००८ या क्रमांकाचे: हा कंपोनंट (स्क्रीनचा एक तुकडा) स्टँडअलोन, म्हणजे मॉड्यूलविना स्वतंत्र आहे, मॉड्यूलमध्ये डिक्लेअर करता येणार नाही. मी तर एकही कंपोनंट स्टँडअलोन केला नव्हता. त्याखाली एनजी-८००१, आमचेच टॅग अनोळखी. एनजी-८००४, तारीख दाखवणारा डेट पाइप सापडत नाही.

या ढिगातल्या एका एररने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. फूटरमध्ये म्हणे ‘अपूर्ण ब्लॉक’, आणि ब्लॉकचं नाव काय, तर आमच्या डोमेनचं. फूटर सगळा पाच ओळींचा, त्यात ब्लॉक कुठला? होता तो संपर्काचा ईमेल पत्ता. १७ ते १९ या आवृत्त्यांत टेम्प्लेटमध्ये (कंपोनंटच्या एचटीएमएलमध्ये) @ आला की कंपायलर तिथे इफ, फॉरसारखा ब्लॉक सुरू झाला असं धरतो. नुसतं चिन्ह दाखवायचं तर त्याची एचटीएमएल एन्टिटी लिहायची: अँपरसँड, हॅश, ६४, सेमीकोलन. हे त्याच मेसेजच्या दुसऱ्या वाक्यात लिहिलेलं होतं. मी पहिल्या वाक्यापुढे गेलोच नव्हतो.

मग कळलं की @ आणि स्टँडअलोन, ही दोन्ही कामं एनजी-अपडेट ही अँग्युलरची अपग्रेडची कमांड स्वतःच करते. १७ वर जाताना टेम्प्लेटमधले असे @ बदलतं, १९ मध्ये कंपोनंट आपोआप स्टँडअलोन धरला जातो, म्हणून १९ वर जाताना मॉड्यूलमधल्या प्रत्येक कंपोनंटवर ‘स्टँडअलोन: फॉल्स’ लिहितं. ते एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढू देतं आणि कमिट न केलेले बदल असतील तर अडून बसतं. याच अटींना कंटाळून मी हाताने केलं होतं. सगळं मागे घेतलं, नवी ब्रांच काढली, चार टप्पे, प्रत्येक टप्प्यावर कमिट. माझं मत तिथे बदललं.

कारण खरी अडचण १६ वर एकटी समोर आली: एनजी-६००२. आमची तारीख निवडायची लायब्ररी अँग्युलरच्या जुन्या कंपायलरसाठी, व्ह्यू इंजिनसाठी, बांधलेली, आणि तसल्या लायब्रऱ्या चालवून घेणारं एनजीसीसी हे साधन १६ मध्ये काढून टाकलंय. २१२ च्या ढिगात ही ओळ मला दिसलीही नव्हती. लायब्ररीवाल्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही. राग आला, अजून आहे. शेवटी ब्राउझरचाच डेट इनपुट घेतला. पूर्ण अपग्रेडमधलं सगळ्यात मोठं काम हेच, तीन दिवसांचं.

बाकी तक्रार नाही. नव्या बिल्डरमुळे चार मिनिटांचा बिल्ड मिनिटाच्या आत होतो.

कोणी माझ्यासारखे आकडे हाताने बदलून बसले असाल तर मागे फिरायलाच हवं असं नाही. एनजी-अपडेटला ‘मायग्रेट-ओन्ली’ देऊन कुठून कुठे ते सांगा, बसवलेल्या आवृत्तीसोबत येणारे बदल ते करतं, मधल्या आवृत्त्यांचे (जसा @ चा) हाताने करावे लागू शकतात. त्याआधी एनजी-कॅश-क्लीन (बिल्डचा जुना कॅश पुसणारी कमांड) चालवा.

गेल्या महिन्यात २० वर गेलो, तासाभरात, एकही एरर न येता. फक्त टेम्प्लेटमध्ये अट लिहायच्या जुन्या एनजी-इफवर आता कालबाह्य म्हणून आडवी रेघ दिसते. त्याचं नव्या @ वाल्या ब्लॉकमध्ये रूपांतर करणारी कमांडही आहे. ती मी एकेका फोल्डरवर चालवतोय, प्रत्येक फोल्डरनंतर बिल्ड आणि कमिट.