कुडाळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडचा अनुभव – जुनी मारुती 800, सारखा उडणारा फ्यूज

कुडाळला हायवेच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, जुन्या बॅटऱ्यांचा ढीग दिसला की तेच. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि वायरिंगचा त्रास आहे त्यांनी आवर्जून जा.

आमच्या 800 ला आधीच्या मालकाने एका अॅक्सेसरीवाल्याकडून फॉग लॅम्प आणि डबल हॉर्न बसवून घेतलेले, आणि त्याने दोन्ही सरळ वायपरच्या लाइनवर जोडलेले. एरवी काही नाही, पण आंबोली घाटात पाऊस आणि धुकं एकत्र आलं, फॉग लावले, वायपर चालू आणि वळणावळणाला हॉर्न, की फ्यूज गेला. हॉर्न गेला तर एक वेळ चालेल हो, पण वायपरच बंद! आणि अशा वेळी लोक काय करतात, तर 15 अँपिअरच्या जागी 30 चा टाकतात नाहीतर सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळतात, आमच्याही गाडीत हिरवा 30 चाच टाकलेला निघाला, 15 चा निळा असतो.

त्यांनी तो काढून हातावर ठेवला आणि म्हणाले, "फ्यूज वायरीक वाचवूक असता, हॉर्नाक नाय. मोठो घातलात तर फ्यूजच्या आधी वायर जळतली." मग पेनाने पुठ्ठ्यावर हिशोबच मांडला. 55 वॅटचे दोन फॉग म्हणजे 110 वॅट, भागिले 12 व्होल्ट, साधारण 9 अँपिअर, दोन हॉर्नचे 8 धरा, वायपरचे 4, झाले 21. 15 चा फ्यूज उडणारच, त्यात फ्यूजचा दोष काहीच नाही. डॅशबोर्डखालची वायर ओढून दाखवली तर वरचं प्लास्टिक मऊ होऊन शेजारच्या वायरीला चिकटलेलं. ते बघून खरंच पोटात गोळा आला, मागच्या सीटवर पोरं बसतात आपली.

कामाला सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह काढून, हे मला फार आवडलं, बरेच जण चालू लाइनवरच पक्कड लावतात. पोळलेला वायरचा तुकडा बदलला, फॉगला वेगळी जाड वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच 15 चा फ्यूज (लांब लावला तर मधली वायर शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं कोणी नाही), आणि मध्ये रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), म्हणजे डॅशबोर्डच्या बटणावर लोड येत नाही. हॉर्नला तसाच वेगळा फ्यूज आणि रिले. वायपर परत एकटा आपल्या 15 वर.

अजून एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांसाठी महत्त्वाची. खाऱ्या हवेने फ्यूजच्या खाचेत हिरवट कळक चढते, पकड सैल होते, मग फ्यूज न उडता खाचच तापून वितळते. मालवण, वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांत हे हमखास दिसतं म्हणाले. त्यांनी प्रत्येक खाच घासून घट्ट केली, वरून ग्रीस लावलं. फ्यूजही चांगल्या कंपनीचे घातले, कारण स्वस्त पाकिटातले कधी कधी वेळेवर उडतच नाहीत.

त्यानंतर भर पावसात आंबोली करून आलो, सगळं एकदम चालू ठेवून, आणि वर पोचल्यावर फ्यूज बॉक्सला हात लावून बघितला, नुसता कोमट.

मजुरी गाडी बघून आधीच सांगतात, नंतर वाढवत नाहीत. वेळ मात्र लागतो, गाडी दिवसभर सोडायची तयारी ठेवा, आणि गणपतीच्या आधी मुंबईकरांच्या गाड्यांची रांग असते तेव्हा फोन करूनच जा. बिल मागितलं तरच देतात, तेवढा अर्धा स्टार कमी. पाचपैकी साडेचार.