भट्टीला कोणता ब्लोअर लावावा: हाताचा, ब्रशचा, इंडक्शनचा की बॅटरीचा?

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की वखराची पास, डवरे, विळे, कुऱ्हाडी लोहाराच्या दारात जमा व्हायला लागतात. मृगाच्या आधी सगळ्यांनाच सगळं पाजवून हवं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या वाइंडिंगच्या टेबलावर भट्टीला वारा देणारे, जळलेले ब्लोअर येतात. मोटर उघडली की करपलेल्या वार्निशचा वास येतो आणि समोर उभा असलेला माणूस विचारतो, “भाऊ, मागच्याच वर्षी घेतला होता, काहून जळला?” त्याचं ऐन हंगामातलं काम थांबलेलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

घेताना बहुतेक जण वॅट विचारतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो. भट्टी दिवसातून किती तास पेटते? आणि दिवसा तुमच्याकडे लाइन कशी असते, म्हणजे किती वेळ जाते आणि असते तेव्हा व्होल्टेज किती भरतं? वॅट त्यानंतर.

कोळसाही बघावा लागतो. लाकडी कोळशाला मवाळ वारा पुरतो. जोराचा दिला तर ठिणग्या उडतात आणि कोळसा उगाच जळून जातो. वणी, चंद्रपूर, उमरेडकडचा दगडी कोळसा राखेचा. त्याचा खंगर, म्हणजे वितळून गोळा झालेली राख, नळीच्या तोंडाशी जमतो, आणि त्यातून वारा वर काढायला दाब जास्त लागतो. लाकडी कोळशावर विळे-कुऱ्हाडी करणाऱ्याला दगडी कोळशावर सब्बल ठोकणाऱ्याएवढा ब्लोअर लागत नाही. मोठा घेतला तर पातळ विळ्याची धार जळते. पोलादातून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघाल्या की ती धार गेली, मग कितीही चांगलं पाणी द्या.

हाताचा पंखा

चामड्याचा भाता आता फार थोड्या घरी उरला आहे. त्याच्या जागी दांडा फिरवायचा, दातेरी चाकांचा लोखंडी पंखा आला. दिवसाला दोन-चार नग येत असतील तर मी मोटर घेऊच नका म्हणतो. हाताच्या पंख्यात वारा तुमच्या मनगटाच्या ताब्यात असतो. लोखंड लाल झालं की हात थांबतो, वाराही थांबतो. मोटर थांबत नाही, तिला झडप लावावी लागते. पंख्याची देखभाल म्हणजे गिअरच्या पेटीत तेल ठेवणं आणि दांड्याची खीळ घट्ट ठेवणं. दुसरा माणूस लागतो हीच त्याची खरी अडचण, आणि आता मुलं शाळेत असतात, ते बरंच आहे.

मोटर घेतली तरी हा पंखा भंगारात घालू नका. लाइन गेली तेव्हा भट्टीत असलेला नग त्यानेच पुरा होतो.

ब्रशची मोटर

बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो हातात धरायचा, पाचशे-सहाशे वॅटचा साफसफाईचा ब्लोअर. ही युनिव्हर्सल मोटर. आत आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, त्यावर घासणारे दोन कार्बन ब्रश, आणि वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर. किंमत कमी, वजन कमी, वारा जोरदार. कमी व्होल्टेजवरही ती फक्त मंद चालते, अडून बसत नाही. कॉम्प्युटर, ट्रॅक्टरचा रेडिएटर, कूलरची जाळी साफ करायला ती चांगली आहे.

भट्टीवर मात्र तिचं काम नाही. असले ब्लोअर थोडा वेळ चालवून थांबवायचे म्हणून बनवलेले असतात, सहा तास सलग नाही. ब्रश काही शे तासांत झिजतात. वेळीच बदलले नाहीत तर स्प्रिंग कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश टेकतात त्या तांब्याच्या कड्यावर, घासते आणि आर्मेचर जातं. आर्मेचरचा खर्च धरला तर नवीनच परवडतो. लोक वारा कमी करायला तोंडावर कापड किंवा पत्रा धरतात, तेव्हा मोटरीवरचा भार कमी होऊन तिचा वेग आणखी वाढतो. आवाज बारीक, किंचाळल्यासारखा होतो तो त्यामुळेच. त्यातल्या बऱ्याच मोटरींचं थंड होणं आतून जाणाऱ्या वाऱ्यावरच असतं, म्हणजे वारा अडवला की थंडावाही अडतो. विजेचा हिशेबही करा: 600 वॅट सहा तास म्हणजे 3.6 युनिट.

आठवड्यातून एकदा अर्धा तास भट्टी पेटवणाऱ्याचं यावर भागेल. रोजच्या दुकानाला घेऊ नका.

इंडक्शनची मोटर

रोज तीन-चार तासांवर भट्टी चालते त्याने हीच घ्यावी, यात मला शंका नाही. हिला ब्रश नाहीत, म्हणजे घासून संपणारं काही नाही. झिजतात फक्त बेअरिंग, आणि काही वर्षांनी मोटरला सुटायला जोर देणारा कपॅसिटर. एका माणसाच्या एका भट्टीला पाव एचपी पुरतो. पाव एचपी म्हणजे शाफ्टवर, मोटरच्या फिरत्या दांड्यावर, 186 वॅट. लहान मोटर लाइनीतून साधारण 300 वॅट ओढते असं धरलं तरी सहा तासांना 1.8 युनिट, म्हणजे वरच्या ब्लोअरच्या निम्मे.

पोल म्हणजे वाइंडिंगमुळे मोटरीत तयार होणारे चुंबकाचे ध्रुव. आपल्या 50 हर्ट्झच्या लाइनीवर दोन पोलची मोटर साधारण 2800 फेऱ्या मारते आणि चार पोलची 1440 च्या आसपास. भट्टीला दाब हवा म्हणून लहान पात्यांच्या पंख्यावर दोन पोलची असते. एक दादा चार पोलचा मोठ्या पंख्याचा ब्लोअर वापरत होते. मोटर जळल्यावर त्यांनी ओळखीतली दोन पोलची तेवढ्याच एचपीची मोटर त्याच पंख्यावर बसवली. वारा असा सुटला की सगळे खूश. संध्याकाळपर्यंत मोटर गेली. वेग दुप्पट केला की वारा दुप्पट होतो, पण लागणारी ताकद दुपटीच्या दुपटीची दुप्पट, म्हणजे आठ पट. 1440 वरून 2800 वर गेलं तरी सात पटीच्या पुढे. मोटर बदलताना एचपीच्या आधी फेऱ्या जुळवा.

झडपेबद्दल एक गैरसमज मी जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकतो: “झडप बंद केली की मोटरवर लोड येतो.” या गोल, बाहेर फेकणाऱ्या पंख्यात उलटं होतं. वारा कमी वाहिला की मोटर कमी अॅम्पिअर ओढते. तारेभोवती धरून अॅम्पिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लावून मी हे गिऱ्हाइकांना दाखवतो, तरी विश्वास बसायला वेळ लागतो. उलट पाइप न जोडता, तोंड मोकळं ठेवून ब्लोअर चालवला तर अॅम्पिअर सगळ्यात जास्त. म्हणून सरकत्या झडपेचा ब्लोअर घ्या आणि वारा झडपेनेच कमी-जास्त करा. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर यावर लावू नका.

आता व्होल्टेज. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो. 230 च्या जागी 180 भरलं तर जोर 61 टक्के उरतो. मोटर सुरूच होत नाही, नुसती हूं करून उभी राहते, आणि तशी दोन-चार मिनिटं राहिली तरी वाइंडिंग करपतं. रब्बीत सगळ्यांचे पंप सुरू असताना गावात हे रोज होतं. ती हूं करायला लागली की लगेच बटन बंद करा. हात लावून ढकलायला जाऊ नका, पात्यांत बोटं गेलेली मी पाहिली आहेत. व्होल्टेज नेहमीच कमी असेल तर पाव एचपी न घेता एक पायरी वरची मोटर घ्या आणि झडप अर्धी ठेवा.

आपल्याकडचं ऊन हाही खरेदीचाच भाग आहे. साधारण मोटरी 40 अंशांच्या हवेचा हिशेब धरून बनवतात. अकोला, चंद्रपूर मे महिन्यात 45 च्या वर जातात, आणि टिनाखाली भट्टीशेजारची हवा त्याहून तापलेली असते. वाइंडिंगचं तापमान 10 अंश वाढलं की तारांवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. नेमप्लेटवर इन्सुलेशन क्लास लिहिलेला असतो, म्हणजे ते किती तापमान सोसतं. बी म्हणजे 130 अंश, एफ म्हणजे 155. थोडे पैसे जास्त गेले तरी एफ घ्या. तांब्याची वाइंडिंग आहे का तेही विचारा. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण 61 टक्केच वीज वाहतं, म्हणून तेवढ्याच जागेत ते जास्त तापतं.

बेअरिंग बॉलचं हवं. बुशची, म्हणजे गोळ्यांऐवजी नुसत्या धातूच्या नळीत शाफ्ट फिरतो ती, मोटर शांत चालते, पण तिला वेळोवेळी तेल लागतं, आणि तेल म्हटलं की घरात जे असेल ते जातं. एका काकांनी जवसाचं तेल घातलं होतं. जवसाचं तेल हवेत वाळून कातडीसारखं घट्ट होतं, म्हणून तर ते लाकडाला लावतात. बुश शाफ्टला असा धरून बसला की हातोडीनेच निघाला. मशीनचं पातळ तेल दोन-तीन थेंब, बस. गोडं तेल कुठलंच नाही.

बॅटरीवरचा

12 व्होल्टचा डीसी ब्लोअर चहाच्या टपऱ्यांवर आणि भज्यांच्या भट्ट्यांवर बराच दिसायला लागला आहे. लोहाराच्या लहान भट्टीवरही चालतो, लाकडी कोळसा असेल तर. 5 अॅम्पिअर ओढणारा पंखा म्हणजे 60 वॅट. 100 अॅम्पिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरली तरी दहा तास निघतात, आणि घरावर सोलर प्लेट असेल तर दिवसाच्या लाइनीची चिंताच नाही. बाजारोबाजारी भट्टी मांडणाऱ्यांसाठी यापेक्षा सोयीचं मला काही दिसत नाही.

पण तार जाड आणि आखूड ठेवा. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दहा मीटर नेली, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर झाली, तर 5 अॅम्पिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. 230 मध्ये पावणेदोन गेले तर कळतही नाही, 12 मध्ये मात्र वारा मरतो. बीएलडीसी नावाच्या डीसी मोटरीत ब्रश नसतात, पण आत इलेक्ट्रॉनिक पाटी असते आणि उष्णता तिला सोसत नाही. तो ब्लोअर भट्टीपासून जितका लांब तितका बरा. दगडी कोळशाला याचा दाब कमी पडतो.

इंडक्शनचा ब्लोअर घरच्या इन्व्हर्टरवर लावू का, असंही विचारतात. साइन वेव्हचा, म्हणजे लाइनीसारखीच वीज देणारा, असेल आणि क्षमता भरपूर असेल तर लावा. स्क्वेअर वेव्हवर मोटर घुमते, तापते आणि कपॅसिटर लवकर जातो.

बसवल्यानंतर

ब्लोअर जळण्याचं मोठं कारण चालू असताना घडत नाही, तो बंद पडल्यावर घडतं. लाइन गेली की वारा थांबतो आणि भट्टीची धग पाइपातून उलटी येते. प्लास्टिकचं पातं असेल तर वाकडं होतं. म्हणून ब्लोअर आणि भट्टी यांच्यात दोन-तीन फूट लोखंडी पाइप ठेवा, ब्लोअर शक्यतो भट्टीच्या नळीपेक्षा खाली ठेवा आणि लाइन गेली की झडप बंद करा. दगडी कोळसा असेल तर त्यातून निघणारा जळता वायू पाइपात साठतो आणि पुन्हा बटन दाबल्यावर भडका होऊ शकतो. खालचं राखेचं दार उघडं ठेवा, दार उघडं असतानाच ब्लोअर सुरू करा, आणि थोड्या वेळाने ते लावा.

आणि बटन. लाइन गेली की बटन बंद करूनच जेवायला जा. लाइन केव्हा येईल सांगता येत नाही. बाजूला कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग असतो, गोठा असतो, आणि मे महिन्यात एक ठिणगी पुरते.

दिवाळीनंतर कापूस घरात आला की रुईचे तंतू सगळीकडे उडतात. ते मोटरच्या मागच्या जाळीत अडकतात, शाफ्टला गुंडाळतात. जाळी बुजली की मोटर स्वतःला थंड करू शकत नाही. हंगामात आठवड्याला एकदा प्लग काढून, ब्रशने जाळी आणि पाती झाडा. पात्यांवर राखेचा थर असमान बसला तर पंखा थरथरतो आणि बेअरिंग खातो. बेअरिंगचा आवाज ऐकायला लांब पेचकसाचं टोक मोटरच्या तोंडाच्या झाकणावर आणि मूठ कानाशी. सलग सूं असेल तर ठीक, दळण दळल्यासारखी खरखर असेल तर बदला. बदलताना जुन्यावरचा नंबर बघा, उदाहरणार्थ 6202, आणि धुळीच्या जागी रबर सीलचं मागा. सीलबंद बेअरिंगला वरून तेल घालू नका.

मोटर हूं करते पण सुटत नाही आणि व्होल्टेज बरोबर आहे, तर आधी कपॅसिटर मोजा. जेवढ्या मायक्रोफॅरडचा होता तेवढ्याचाच लावा, मोठा लावून जोर वाढत नाही, मोटर तापते. हात लावण्याआधी त्याची दोन टोकं मिस्त्रीकडून डिस्चार्ज करून घ्या. अर्थिंग आणि वीज गळली की लाइन तोडणारी 30 मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी यांत काटकसर नको, लोहार ओल्या जमिनीवर, पाण्याच्या डोणीशेजारी काम करतो.

मागच्या पावसाळ्यात एक ब्लोअर आला होता. बाहेरून वाइंडिंग करून आणला होता, आवाज ठीक, अॅम्पिअर ठीक, पण लोखंड तापायला वेळ लागायचा. तीन महिने ते गृहस्थ कोळशाला दोष देत होते, दोनदा कोळसा बदलला. मोटर उलटी फिरत होती. हा पंखा उलटा फिरला तरी वारा त्याच तोंडातून बाहेर येतो, फक्त बराच कमी येतो, म्हणून नुसत्या हाताला कळत नाही. दोन तारा बदलल्या आणि काम झालं. तेव्हापासून दुरुस्त करून दिलेल्या प्रत्येक ब्लोअरच्या अंगावर मी ऑइल पेंटने फिरण्याच्या दिशेचा बाण काढून देतो. तुमच्यावर नसेल तर आज चालू आहे तोवरच काढून ठेवा.