झोपेची गोळी की झोपेचं वेळापत्रक? ठरवण्याआधी दोन्हींचा हिशेब

रात्री अडीचला मनात जो हिशेब सुरू होतो, तो ज्यांना पाठ झालाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ‘आत्ता डोळा लागला तरी साडेतीन तास मिळतील.’ मग कूस बदलायची. ‘आता तीनच उरले.’ शेजारचं माणूस गाढ झोपलंय, याचाही राग यायला लागतो. मी सहा महिने हे अंगावर काढलं, मग आठ महिने गोळी घेतली आणि शेवटी ती सोडवताना झोपेवरचा वर्तनोपचार केला. दोन्ही वाटा चालून झाल्यात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघते. माझं मत आधीच सांगून टाकते: गोळी आजच्या रात्रीचा प्रश्न सोडवते, वर्तनोपचार पुढच्या वर्षाचा. आपल्याला यातलं काय हवंय हे न ठरवता सुरुवात केली, की आजच्या रात्रीसाठी घेतलेली गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. माझं तसंच झालं.

आधी आपली तक्रार नेमकी कोणती

झोपायला पुरेसा वेळ असूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आठवड्यातल्या किमान ३ रात्री असं होतं, ३ महिने किंवा जास्त काळ हे चाललंय आणि त्यामुळे दिवसाचं कामही बिघडतंय, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. घरात कोणी गेलं, नोकरी सुटली, ऑपरेशन झालं आणि त्यामुळे दोन आठवडे झोप उडाली, तर ती गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी दिलेली गोळी घ्यायला मी आजही कचरणार नाही.

दुसरं म्हणजे, झोप बिघडवणारं काही निराळंच तर नाही ना, हे तपासून घ्या. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण असू शकतं. त्यात काही झोपेच्या गोळ्यांनी श्वासाचा त्रास आणखी वाढतो. संध्याकाळ झाली की पायांत वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, तर रक्तातलं लोह तपासावं लागतं. थायरॉइड, नैराश्य, आधीपासून चालू असलेली औषधं यांचाही विचार व्हायला हवा. ही चौकशी न करता कोणी गोळी लिहून देत असेल, तर आपणहून विषय काढा.

हे सगळं ठीक असूनही झोप येत नसेल, तर प्रश्न बहुधा वेगळ्या ठिकाणी असतो. आर्थर स्पीलमन या झोपेच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये तो फार नेमका मांडला. काही जणांची झोप मुळातच नाजूक असते. मग एखादी घटना घडते आणि झोप उडते. घटना मागे पडते, पण तोवर आपण झोप भरून काढायला ज्या सवयी लावून घेतलेल्या असतात, त्याच निद्रानाश जिवंत ठेवतात. लवकर अंथरुणात जाऊन पडणं, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी तास-दीड तास झोपणं, दर वीस मिनिटांनी घड्याळ बघणं. गोळी या सवयींना हातही लावत नाही. माझ्या मते सगळ्या तुलनेची मेख इथेच आहे.

‘झोपेची गोळी’ म्हणजे नेमकी कोणती?

आपण सगळ्यांना एकच नाव देतो, पण गोळ्यांत फार फरक आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं. झोल्पिडेम आणि एसझोपिक्लोन ही त्यांच्यानंतर आलेली, ‘झेड’ गटातली. दोन्ही गट मेंदूतल्या गाबा या रसायनाचा शांतवणारा परिणाम वाढवतात. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्मं होतं, क्लोनाझेपामला त्यासाठी तीस-चाळीस तास लागतात. म्हणजे काल रात्रीची क्लोनाझेपाम आज दुपारीही अंगात असते. सकाळी डोकं जड का, याचं उत्तर अनेकदा एवढं साधं असतं.

नव्या गटातली सुवोरेक्झंट (२०१४), लेंबोरेक्झंट (२०१९) आणि डॅरिडोरेक्झंट (२०२२) ही औषधं झोप आणण्याऐवजी जागं ठेवणारा ओरेक्सिनचा संदेश अडवतात. कमी डोसातली डॉक्सेपिन, ३ किंवा ६ मिलिग्रॅम, मध्यरात्री किंवा पहाटे जाग येणाऱ्यांसाठी वापरतात. मेलाटोनिन झोपेची वेळ सरकवायला उपयोगी पडतं, विमानप्रवासानंतर वगैरे. जुनाट निद्रानाशावर त्याचा जोर तोकडा पडतो. आणि सर्दी-ॲलर्जीच्या ज्या गोळ्यांनी पेंग येते, त्या ‘साध्याच आहेत’ म्हणून रोज रात्री घेऊ नका. वयस्कर माणसांत त्यांनी गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडते, तोंड कोरडं पडतं.

गोळीने मला काय दिलं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पहिल्या रात्री सहा तास झोपले आणि सकाळी उठून रडले, इतकं हलकं वाटलं. तो दिलासा खोटा नव्हता. पण ‘झेड’ गटातल्या औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०१२ मध्ये जो आढावा आला, त्यात खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळीच्या तुलनेत खऱ्या गोळीने झोप सुमारे २२ मिनिटं लवकर लागत होती. फक्त बावीस मिनिटं. मला स्वतःला तो फायदा तासांचा वाटायचा. त्यातला काही भाग ‘आता गोळी घेतलीय, आता झोप येणारच’ या भरवशाचाही असणार, असं आता वाटतं.

आणि किंमत? चार महिन्यांनी तीच गोळी पुरेनाशी झाली. एकदा रात्री बहिणीशी फोनवर अर्धा तास बोलले होते, सकाळी त्यातलं एक वाक्य आठवेना. फोनमधली नोंद बघून कळलं की मी बोलले होते. हे फक्त माझंच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी झोल्पिडेमचा सुचवलेला डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना धोका राहतो. झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं अशा प्रकारांमुळे २०१९ मध्ये ‘झेड’ गटाला सगळ्यात कडक इशारा जोडला गेला. बेंझोडायझेपिनच्या इशाऱ्यात २०२० मध्ये गैरवापर, व्यसन आणि अवलंबित्वाची भर पडली. दारू किंवा अफूच्या गटातली वेदनाशामकं यांच्याबरोबर ही औषधं घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. यात ‘थोडीशी चालते’ असं काही नसतं.

वर्तनोपचार: नाव मवाळ, काम कष्टाचं

याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. ‘झोपण्याआधी मोबाइल बघू नका, संध्याकाळी कॉफी टाळा’ एवढंच ते असेल, असं मलाही वाटायचं. त्या सूचना चांगल्याच आहेत, पण जुनाट निद्रानाश नुसत्या त्यांनी हटत नाही. उपचाराचा खरा गाभा दोन गोष्टींत आहे.

पहिली, अंथरुणातला वेळ कमी करणं. दोन आठवडे एका वहीत रोज सकाळी लिहायचं: कधी आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठले. माझी वही बघून मीच गप्प झाले. रात्री दहा ते सकाळी सात, नऊ तास अंथरुणात. झोप सरासरी साडेपाच तास. म्हणजे जेमतेम ६१ टक्के. मला रात्री बारा ते सकाळी सहा एवढाच वेळ नेमून दिला. बाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, सहाला उठायचंच, रात्र कशीही गेलेली असो. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागू लागली की पंधरा मिनिटं वाढवायची.

दुसरी गोष्ट रिचर्ड बुटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली: अंथरूण म्हणजे झोप, हे नातं पुन्हा जोडायचं. झोप येत नसेल तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत जायचं. अंथरुणात पडून काळजी करायची नाही, वाचायचं नाही, फोन बघायचा नाही.

दुसरा आठवडा मला सगळ्यात अवघड गेला. रात्री अकराला खुर्चीत बसून डोळे मिटत होते आणि मी बारा वाजायची वाट बघत होते. ज्या झोपेसाठी वर्षभर तडफडले, तीच आता दारात येऊन थांबली होती आणि मी तिला आत घेत नव्हते. अठराव्या रात्री मात्र पाठ टेकली आणि थेट पहाटेच जाग आली. वहीत तेवढंच लिहिलंय: ‘मध्ये जाग नाही.’

हा उपचार सगळ्यांना जसाच्या तसा चालत नाही. बायपोलर विकार किंवा फिट्सचा त्रास असेल, किंवा वाहन अथवा यंत्र चालवण्याचं काम असेल, तर झोप अशी आवळणं धोक्याचं ठरू शकतं. अशांनी तज्ज्ञाशिवाय या वाटेला जाऊ नये. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली आणायचाच नाही, कोणीही.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर

लवकर कोण गुण देतं? गोळी, पहिल्याच रात्री. वर्तनोपचाराला चार ते आठ आठवडे लागतात आणि सुरुवातीला झोप आणखी कमी होते.

पुढे काय उरतं? इथे पारडं फिरतं. वर्तनोपचाराच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. त्यात झोप साधारण १९ मिनिटं लवकर लागत होती आणि रात्री मध्येच जागं राहण्याचा वेळ २६ मिनिटांनी घटत होता. म्हणजे आकडे गोळीच्या तोडीचेच, पण उपचार संपल्यावरही फायदा टिकून राहिलेला. गोळीचा फायदा गोळीबरोबर जातो. वर काही दिवस झोप आधीपेक्षाही वाईट होते आणि माणसाला वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही.’ ती गोळी बंद केल्याची प्रतिक्रिया असते. ती मूळ आजार समजून लोक पुन्हा स्ट्रिप उघडतात.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाशात प्रौढांना पहिला उपचार सीबीटी-आयचा द्यावा. औषधाचा विचार त्यानंतर, थोड्या काळासाठी आणि रुग्णाशी बोलून.

मिळणं सोपं कोणतं, याचं उत्तर मात्र नाइलाजाने गोळी असंच आहे. सीबीटी-आय जाणणारे समुपदेशक सगळीकडे नसतात. त्यातल्या त्यात आशेची गोष्ट अशी, की हा उपचार ऑनलाइनही चालतो. कोणते उपचार वापरावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये स्लीपिओ हा ॲपवरचा कार्यक्रम गोळीऐवजी सुचवला.

दोन्ही एकत्र घेतलं तर? चार्ल्स मोरिन या झोपेच्या अभ्यासकाने २००९ मध्ये १६० जणांवर हे तपासलं. सुरुवातीला झोल्पिडेम आणि वर्तनोपचार एकत्र, मग औषध बंद करून वर्तनोपचार चालू, असं ज्यांनी केलं त्यांना दीर्घकाळात जास्त फायदा झाला. ‘गोळी की उपचार’ असं भांडण लावायची गरजच नाही, फक्त गोळीला शेवटची तारीख हवी.

मी तुमच्या जागी असते तर

तीन महिन्यांहून जुनी तक्रार असेल, तर वहीपासून सुरुवात केली असती. पाच-सहा आठवडे तग धरवणार नाही अशी अवस्था असेल, लहान बाळ, परीक्षा किंवा आजारपण चालू असेल, तर डॉक्टरांकडून मोजक्या आठवड्यांसाठी गोळी घेतली असती आणि पहिल्याच भेटीत विचारलं असतं: ही कधी बंद करायची आणि कशी? मला हा प्रश्न सुचला नव्हता. आठ महिने त्यातच गेले.

वय ६५ च्या पुढे असेल, तर माझं मत जास्त ठाम आहे. रात्री लघवीला उठणं, अंधार आणि अंगात गोळीचा अंमल, यातून पडणं आणि मांडीचं हाड मोडणं होतं. आईला गोळी सुरू करायची वेळ आली तेव्हा मी डॉक्टरांसमोर बसून आधी बाकीचे उपाय मागितले.

आधीच घेत असाल तर

एका रात्रीत बंद करू नका. बेंझोडायझेपिन बराच काळ घेऊन अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टर साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के अशा गतीने डोस उतरवतात, आणि दोन आठवड्यांत पाव भागापेक्षा जास्त नाही. अंगात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मोडून घ्यायच्या नसतात, त्यामुळे अर्धी करण्याआधी विचारून घ्या. माझा डोस उतरत असताना दर टप्प्यावर तीन-चार रात्री वाईट जायच्या, पाचव्या रात्री झोप सावरायची. तेही वहीत लिहिलेलं असल्यामुळे पुढच्या टप्प्यावर घाबरायला झालं नाही. डॉक्टरांकडे जाताना ही दोन आठवड्यांची पानं आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.