टेबलावरचा पृथ्वीगोल: ३० सेंमीचाच घ्या, पण सांधा आणि छपाई पाहून

शालेय साहित्याच्या दुकानांत पृथ्वीगोल साधारण तीन मापांत दिसतो: १५, २० आणि ३० सेंमी व्यासाचा. हे परीक्षण तिसऱ्याचे, म्हणजे भारतात छापलेल्या, राजकीय रंगांच्या, २३.५ अंशांनी कललेल्या स्टँडवरच्या साध्या गोलाचे आहे. लहान गोल स्वस्त पडतो, शोकेसमध्ये छानही दिसतो, पण अभ्यासाला अपुरा. व्यास दीडपट झाला की पृष्ठभाग सव्वादोनपट होतो, आणि नावे छापायची ती पृष्ठभागावरच. २० सेंमीच्या गोलावर महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी जेमतेम सव्वा सेंमी भरते. तेवढ्यात मुंबई, पुणे आणि नागपूर कोंबायचे म्हणजे अक्षरे भिंगाखाली धरावी लागतात. ३० सेंमीवर तोच महाराष्ट्र जवळपास दोन सेंमी होतो आणि भारत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत साडेसात सेंमी. एवढ्यावर काम भागते.

या गोलाचा घेर ९४ सेंमी आणि पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किमी. म्हणजे गोलावरचा १ सेंमी हा सुमारे ४२५ किमी. हा आकडा स्टँडच्या तळाला पेन्सिलीने लिहून ठेवा, तो सतत लागतो.

दुकानात गेल्यावर चकचकीत कमान किंवा पितळी मुलामा पाहू नका, आधी सांधा पाहा. प्लास्टिकचा गोल दोन वाट्यांचा असतो. सपाट पत्र्यावर ध्रुव मध्यभागी धरून अर्धे जग छापतात, पत्रा तापवून साच्यात ओढतात आणि दोन्ही वाट्या विषुववृत्तावर जोडतात. तापलेल्या पत्र्यावर ताण सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून घोटाळा होतो तो बहुधा सांध्यापाशीच. गोल सावकाश फिरवा आणि प्रत्येक रेखावृत्त सांध्याच्या वर-खाली एकाच रेषेत येते का ते बघा. मग व्हिक्टोरिया सरोवर, सुमात्रा, बोर्निओ आणि ॲमेझॉनचे मुख या चार जागा तपासा. विषुववृत्त या चारही ठिकाणांवरून जाते, त्यामुळे सांधा चुकला असेल तर किनाऱ्याला पायरी पडलेली लगेच दिसते. दोन मिमीची पायरी म्हणजे ८५ किमीची चूक. असा गोल परत ठेवून दुसरा काढायला सांगा. एकाच खोक्यातल्या गोलांतही फरक असतो.

कागदी गोलाची गोष्ट निराळी. त्यावर ३०-३० अंशांच्या १२ पाकळ्या चिकटवतात आणि ध्रुवावर त्यांची टोके जुळतात तिथे गोल चकती लावतात. ही फार जुनी रीत आहे. १५०७ साली वाल्डसेम्युलर या जर्मन नकाशाकाराने अशाच पाकळ्या छापल्या, आणि ‘अमेरिका’ हे नाव छापून जगापुढे प्रथम आले ते त्याच वर्षीच्या त्याच्या नकाशावर आणि या गोलावर. सांधा टाळायची खटपट मात्र आपल्या उपखंडात झाली. लाहोरच्या कारागिरांनी सतराव्या शतकात मेणाचा साचा वितळवून अखंड पितळी खगोल, म्हणजे ताऱ्यांचे गोल, ओतले, त्यांना जोडच नाही. साधा प्लास्टिकचा गोल हातात घेऊन त्याचा सांधा पाहिला की त्या ओतकामाची थोरवी कळते.

सांध्यानंतर छपाईचे वर्ष. ते गोलावर क्वचितच असते, पण नावांवरून काढता येते. दक्षिण सुदान (राजधानी जुबा) वेगळा दाखवला नसेल तर छपाई जुलै २०११ पूर्वीची. स्वाझिलँडच्या जागी एस्वातिनी असेल तर २०१८ नंतरची, उत्तर मॅसेडोनिया असेल तर २०१९ नंतरची. कझाकस्तानची राजधानी हा सर्वांत बारीक चाळणीचा प्रश्न: मार्च २०१९ ते सप्टेंबर २०२२ या काळातल्या गोलावर नूर-सुलतान, त्याआधी आणि त्यानंतर अस्ताना. म्यानमारची राजधानी यांगून लिहिली असेल तर मूळ आराखडा वीस वर्षांत कोणी उघडलेला नाही असे समजा. कोसोव्हो वेगळा दिसला नाही तर ती मात्र चूक धरू नका. भारताने त्या देशाला मान्यता दिलेली नाही, आणि इथला छापणारा तेच पाळतो.

नव्या गोलात भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे, लडाख त्यात अक्साई चीनसह पूर्ण दिसला पाहिजे. बाहेर छापलेल्या गोलांत इथेच गडबड असते, आणि शाळेसाठी घ्यायचा असेल तर असा गोल अजिबात चालणार नाही.

तिसरी खूण आंतरराष्ट्रीय वाररेषेची. स्वस्त गोलांवर ती १८० अंशांच्या रेखावृत्तावर जवळजवळ सरळ आखून मोकळे होतात. खरी रेषा किरिबातीपाशी पूर्वेकडे लांब बाहेर येते, कारण त्या देशाने १९९५ च्या आरंभी आपली सगळी बेटे एकाच तारखेत आणली. सामोआने तर ३० डिसेंबर २०११ हा दिवसच दिनदर्शिकेतून वगळला आणि रेषेची बाजू बदलली. रेषेचे हे वळण बरोबर आहे की नाही, यावरून आराखडा करणाऱ्याने किती काळजी घेतली ते समजते.

आता गोलाचा खरा उपयोग. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका सारख्याच मापाचे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या १४ पट आहे आणि आपला भारतच ग्रीनलंडच्या दीडपट. १५६९ चा तो नकाशा खलाशांना दिशा धरून जहाज हाकता यावे म्हणून काढलेला होता. तुलनेसाठी तो वापरला की डोळ्यांना खोटी सवय लागते, आणि ती गोलाशिवाय मोडत नाही.

एक न ताणणारा दोरा घ्या. पतंगाचा साधा दोरा चालतो, लोकर नको. एक टोक मुंबईवर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा गोलावर घट्ट ओढा. तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो: मॉस्कोजवळून, मध्य नॉर्वेवरून, आइसलंडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ खेटून लॅब्राडोरवर. सपाट नकाशावर अटलांटिकच्या मधोमध जाणारी वाट इथे पार उत्तरेला जाते. दोरा पट्टीवर मोजला की साडेएकोणतीस सेंमी, म्हणजे सुमारे १२,५०० किमी. दोरा सैल धरला तर तो कललेल्या बाजूला घसरतो आणि अंतर फुगते. म्हणून दोन्ही टोके दोघांनी धरावीत आणि मधे बोटाने दाबू नये.

सागरी वाटा मोजताना मात्र दोरा किनाऱ्याच्या वळणाने तुकड्या-तुकड्याने टाकावा लागतो. मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून लंडनला जा, मग १८६९ साली खुल्या झालेल्या सुएझमधून जा, आणि दोन्ही लांब्या शेजारी ठेवा. सुमारे ८,००० किमीची बचत म्हणजे दोऱ्याचे जवळपास एकोणीस सेंमी. मुंबई बंदराचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास या एकोणीस सेंमीशिवाय नीट समजत नाही. त्याआधीच्या दोन शतकांत डचांची नजर कुठे होती तेही गोलच सांगतो. डच चित्रकार फर्मीरने १६६९ साली रंगवलेला भूगोलज्ञ खिडकीशी उभा आहे, आणि त्याच्या मागच्या कपाटावरचा गोल हिंदी महासागर पुढे येईल असा फिरवलेला आहे. आपला गोल तसाच फिरवून ते चित्र पाहावे.

बोट अक्षवृत्तावरून फिरवणे हा दुसरा फायदा. मुंबईच्या १९ अंशांवरून पश्चिमेला गेलात की मेक्सिको सिटी लागते. पुण्याच्या साडेअठरा अंशांवर सांतो दोमिंगो. अक्षवृत्त जवळपास एकच आणि हवा निराळी, का? तर मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे. पाठ केलेल्या उत्तरांत हा ‘का’ कधीच येत नाही.

ऋतूंचा प्रयोग बहुतेक घरांत आणि बऱ्याच वर्गांत चुकतो, म्हणून तो सविस्तर. अंधाऱ्या खोलीत मधोमध उघडा बल्ब ठेवा, गोलाच्या मध्याइतक्या उंचीवर. गोल बल्बपासून दीड-दोन मीटर लांब धरा. जवळ धरला की उजेड अर्ध्या गोलावर पोचतच नाही. ६० सेंमीवर त्याची कड साडेचौदा अंश अलीकडेच थांबते, मग जूनमध्ये आर्क्टिक वृत्ताला चोवीस तास उजेड हे दिसणार कसे? दोन मीटरवर ही चूक सव्वाचार अंशांवर येते. दुसरी चूक याहून मोठी. गोल घेऊन बल्बभोवती फिरताना माणूस स्वतः वळतो आणि त्याच्याबरोबर स्टँडही वळतो; मग उत्तर ध्रुव वर्षभर बल्बकडेच कललेला राहतो आणि सगळीकडे कायमचा जून. खोलीतली एक भिंत ठरवा आणि चारही ठिकाणी ध्रुवाचा कल त्याच भिंतीकडे ठेवा. एवढे पाळले की मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर आपोआप उलगडतात.

गोल कमानीतून सुटतो का, हेही विकत घेताना विचारा. बऱ्याच गोलांत कमान हलकेच फाकवली की खुंट्या निघतात. सुटा गोल उन्हात एका पातेल्यावर ठेवा, आपले गाव बरोबर माथ्यावर आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे. महाराष्ट्रात होकायंत्राचा फरक एका अंशाच्याही आत असल्याने ते तसेच वापरता येते. आता गोलाच्या ज्या भागावर ऊन पडले आहे, त्याच भागात या क्षणी पृथ्वीवर दिवस आहे. छायेची कड जिथे आहे तिथे कुठे सूर्योदय, कुठे सूर्यास्त. या प्रयोगासाठी एवढी एक सोय पैसे मोजून घ्यावी.

असाच गोल ठेवून १ सेंमीच्या दोन काड्या मेणाने उभ्या लावा, एक अस्वानवर आणि एक अलेक्झांड्रियावर. २१ जूनला आपल्या घड्याळात दुपारी सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान अस्वानच्या काडीची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि अलेक्झांड्रियाची सव्वा मिमी उरते. ढगांमुळे आपल्याकडे त्या दिवशी ऊन मिळणे कठीण, तेव्हा लांबच्या बल्बवर करून पाहा. ही सव्वा मिमी म्हणजे ७.२ अंश, वर्तुळाचा पन्नासावा भाग. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एवढ्याच फरकावरून पृथ्वीचा घेर काढला. गोलावर या दोन शहरांतले सरळ उत्तर-दक्षिण अंतर मोजा, सुमारे १.९ सेंमी येईल. त्याला पन्नासने गुणा, गोलाचा घेर हातात येतो.

उठावाचा, म्हणजे डोंगर बोटांना लागणारा गोल घेऊ नका. ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट या मापाला फक्त ०.२ मिमी होतो. बोटाला लागेल एवढा उंचवटा म्हणजे दहापट अतिशयोक्ती, आणि वर नावे अस्पष्ट छापलेली. मापातच राहायचे तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक गोलापासून १ सेंमीवर आणि चंद्र म्हणजे ८ सेंमीचा चेंडू, ९ मीटर दूर. सूर्य साडेतीन किमीवर.

आत दिवा असलेला गोल घ्यायचाच तर एलईडीचा. जुन्या तारेच्या बल्बच्या उष्णतेने प्लास्टिक पिवळे पडते आणि सांधा सुटू लागतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर कागदी गोल टाळावा. पावसाळ्यात पाकळ्या फुगतात आणि कडा उचलल्या जातात. उचललेली कड दिसताच पातळ केलेला पांढरा गोंद बारीक कुंचल्याने आत सरकवा आणि कोरड्या फडक्याने दाबून धरा. उशीर केला तर आत धूळ शिरते आणि मग ती बसत नाही. प्लास्टिकचा गोल किंचित ओल्या फडक्याने पुसला तरी चालतो, स्पिरिट मात्र लावू नका, शाई सुटते. खिडकीतल्या थेट उन्हात कायमचा ठेवला तर गुलाबी आणि लाल देश आधी फिके पडतात. ध्रुवावरची चक्री कधीही करकचून आवळू नका. तिथेच प्लास्टिकला चीर जाते आणि गोल डुगडुगू लागतो. लोखंडी दांडी कुरकुरली तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे.